बारा मिनिटं पुढे

लिफ्टमास्तरांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं, आणि गेली बावीस वर्षं ते तसंच होतं. बिघाड काही नव्हता. मास्तरांची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात पहिल्या पाळीला कामाला होती, आणि घराच्या दारापासून बसथांब्यापर्यंत तिच्या पावलांनी बरोबर बारा मिनिटं लागत. रोज सकाळी डोकं कोण चालवणार, म्हणून तिनं घड्याळच पुढे सरकवून ठेवलं होतं. बस सातची. घड्याळात सात वाजले की चपला घालायच्या आणि निघायचं. बाकीच्यांनी मनातल्या मनात बारा वजा करावेत. पाहुणे दचकून उठत आणि पिशव्या गोळा करू लागत, मग त्यांना खाली बसवून सगळं समजावून सांगावं लागे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी पस्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. इमारतीत कुणीतरी एकदा गमतीनं लिफ्टमास्तर म्हटलं आणि ते नाव अंगाला चिकटलं. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की ते आधी कान देऊन आवाज ऐकत आणि नापसंतीनं मान हलवत. मनगटावरच्या घड्याळात त्यांची खरी वेळ असे. बायकोच्या घड्याळाशी त्यांनी पहिल्या काही वर्षांत वाद घालून पाहिला होता, पुढे नाद सोडला.

त्यांना एकच लेक. पाणी दिसलं की ती हातातून निसटायची, म्हणून लहानपणापासून तिला मासोळी म्हणत. मासोळी पोहायला शिकली आणि तिथून फळीवर चढली. उंच, लवचीक फळीच्या टोकावरून झेप घ्यायची, हवेत कोलांट्या मारायच्या आणि शिंतोडा न उडवता पाण्यात सूर मारायचा, असा तिचा खेळ. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली, उडाली, आणि आत वळताना तिच्या उजव्या कानामागे फळी लागली. आई समोरच्याच बाकावर बसली होती. पाणी गुलाबी झालेलं तिनं पाहिलं. लेकीचं डोकं वर यायला किती वेळ लागला ते तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. सात टाके पडले. पोरगी महिन्याभरात पुन्हा फळीवर उभी राहिली, पण आई काही परत त्या बाकावर बसली नाही.

तेव्हापासून ती लेकीला तलावाच्या फाटकापर्यंत पोचवायची आणि सायकली लावतात तिथे भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आतून पाण्याचा आवाज आला की दहापर्यंत मोजायची. पुन्हा आवाज, पुन्हा दहा. मासोळी केस पुसत बाहेर आली की तिच्याकडे नीट न बघताच म्हणायची, "चल, उशीर झाला." मासोळी चषक घेऊन आली तरी तेच आणि रडत आली तरी तेच. पोरीला ते लागत असे. आपल्या आईला आपला खेळ आवडत नाही असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि आईला ते ठाऊक असूनही तिच्याच्यानं आत जाववत नव्हतं.

अशी अकरा वर्षं गेली. मासोळी तेवीस वर्षांची झाली, आणि तिचा गुडघा कुरकुर करू लागला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. दुसऱ्या एका शहरातल्या तलावावर मुलांना शिकवायची नोकरीही तिनं पक्की केली. त्याआधी एक शेवटची मोठी स्पर्धा. तिचा फोन आला तेव्हा मास्तर शेजारीच बसले होते.

"आई, ही शेवटची. टीव्हीवर दाखवणार आहेत. या वेळी तरी बघशील?"

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "चालू असताना नाही गं बघवणार मला. पण तू पाण्यातून बाहेर आलीस, तुझा आवाज कानावर पडला, की त्यानंतर बघेन. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघेन. शब्द देते तुला."

"नंतर कसं बघशील? ती वाहिनी एकदाच दाखवते सगळं."

"तुझे बाबा आहेत की."

बाबांना यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. फोन ठेवून बायको त्यांच्याकडे वळली. "अहो, टीव्हीवरचं साठवून ठेवता येतं ना?"

"कशात?"

"ते तुम्हाला माहीत," ती म्हणाली आणि कुकर बघायला उठली.

स्पर्धेला तीन आठवडे होते. मास्तर आधी चकचकीत दुकानात गेले. टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या नव्या संगणकाची किंमत ऐकली आणि मधल्या कुठल्याही मजल्यावर न थांबता थेट तळमजल्यावर आले. लेकीच्या गुडघ्यावर उपचार होऊन गेल्यानंतर घरात जे उरलं होतं ते एका पाकिटात मावत होतं, आणि त्या पाकिटात नवा संगणक मावत नव्हता. घरी मासोळीच्या शाळेच्या दिवसांतला जुना संगणक मागच्या खोलीत चादर पांघरून पडला होता. मास्तरांनी त्याला उचललं, रिक्षात घातलं आणि स्क्रूताईंकडे नेलं.

स्क्रूताईंचं दुकान म्हणजे एक बोळ आणि त्यावर पत्रा. दोन्ही भिंतींना जुन्या संगणकांची पोटं उघडी पडलेली. बाई चाळिशीच्या, आणि त्यांच्या अंबाड्यात कायम एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला, म्हणून हे नाव. त्यांनी मास्तरांच्या संगणकाचं झाकण काढलं, आतली धूळ फुंकली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"काका, हे मशीन आहे की आठवण?"

"चालेल ना?"

"चालेल. पळायला लावू नका म्हणजे झालं." त्यांनी लागणाऱ्या वस्तू एकेक करून टेबलावर ठेवल्या. एक ट्यूनर कार्ड, म्हणजे केबलची तार त्यात खोचली की संगणकाला टीव्ही दिसू लागतो. मेमरीची एक जास्तीची पट्टी. आणि साठवायला एक हार्ड डिस्क. सगळं वापरलेलं, पण तपासलेलं. "आणि एक सांगते. रेकॉर्ड होत असताना याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. त्याच वेळी बघायलासुद्धा जायचं नाही. बघायला गेलात की अडखळेल."

"आम्हाला बघायचं नाहीच आहे."

स्क्रूताईंचा हात जागच्या जागी थांबला. टीव्ही रेकॉर्ड करायला आलेलं आणि बघायचं नाही म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. मग मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. ऐकून झाल्यावर त्यांनी टेबलावरची डिस्क उचलून परत ठेवली आणि दुसरी, थोडी बरी, काढली.

"यात मध्यम दर्जाचं चित्र ठेवलंत तर पाच तास मावतील. उत्तम ठेवलंत तर एक तास चाळीस मिनिटं. तुमच्या मशीनला चित्र दाबून लहान करायचा जोर नाही, त्यामुळे जागा फार खातं."

"मग मध्यमच बरं. ऐसपैस."

"पाणी आहे ना त्यात? पाणी सारखं हलतं. मध्यमवर तुम्हाला पाणी दिसणार नाही, चौकोन दिसतील."

"आणि याहून मोठी डिस्क?"

त्यांनी आकडा सांगितला. मास्तरांनी पाकीट उघडलं, आत पाहिलं आणि मिटलं. कार्यक्रम तीन ते साडेचार, दीड तासाचा. एक तास चाळीस मिनिटांत बसत होता, वर दहा मिनिटं शिल्लक. निघताना स्क्रूताईंनी बटणाएवढा एक गोल सेल त्यांच्या हातावर ठेवला. "हा माझ्याकडून. तुमच्या मशीनच्या घड्याळाचा सेल मेलाय. हा बदला आणि वेळ लावा, नाहीतर ठरल्या वेळी ते जागंच व्हायचं नाही."

मास्तरांनी काम घरीच केलं. विजेच्या कामाला हात घालण्याआधी मनगटावरचं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून वाटीत ठेवायची, ही त्यांची पस्तीस वर्षांची सवय. एका सहकाऱ्याचं मनगट त्यांनी भाजलेलं पाहिलं होतं. वाटी कपाटावर ठेवून ते जमिनीवर बसले, कार्ड खोचलं, पट्टी दाबून बसवली, डिस्कचे चार स्क्रू आवळले, सेल बदलला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखा घरघरला. कान देऊन त्यांनी तो ऐकला आणि त्यांचं तोंड हसरं झालं. पडद्यावर अक्षरं आली. मशीनच्या मते ती वीस वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची मध्यरात्र होती. मास्तरांनी तारीख बदलली. वेळेच्या चौकोनाशी येऊन ते थांबले आणि मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं.

"अगं, किती वाजले?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सहा वाजून सतरा!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

त्यांनी सहा सतरा घातले आणि केबलची तार शोधायला उठले. मशीन सुरू झाल्याच्या आनंदात त्यांना त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

मग चाचण्या झाल्या. पहिल्या चाचणीला मास्तरांनी मुद्दाम मध्यम दर्जा लावून नदीवरचा एक माहितीपट पकडला. बायको दारात उभी राहून बघत होती. "ही नदी वाहतेय की फरशी?" तिनं विचारलं. मास्तरांनी मुकाट्यानं उत्तम दर्जा लावला. मग नदी खरीखुरी नदी झाली, तिच्यावर ऊनसुद्धा चमकलं. आपोआप सुरू होण्याची परीक्षाही त्यांनी घेतली. मशीनच्या घड्याळात पाहून पाच मिनिटांनंतरची वेळ लावली, हाताची घडी घालून बसले, आणि पाचव्या मिनिटाला दिवा लागला. बायकोनं आतून चहा आणून दिला, न मागता. इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी वेळ लावली ती तीनपासून चार चाळीसपर्यंत. हातातली दहा मिनिटं त्यांनी सगळी शेवटी टाकली. "सामने लांबतात, लवकर कधी संपत नाहीत," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग पडदा बंद करून दोघं घराबाहेर पडली, कारण टीव्ही बंद असला तरी घरात बसवणार नाही असं बायको म्हणाली होती. स्वयंपाकघरात पावणेतीन व्हायला आले होते, म्हणजे खरे साडेदोन.

कुठे जायचं हे ठरलं नव्हतं. पाय नेतील तिकडे जायचं, आणि तिचे पाय बावीस वर्षं एकीकडेच जात होते. दोघं बसथांब्यावरच्या बाकावर जाऊन बसली. पहिली बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं, "काय ताई, आज दुपारची पाळी?"

"नाही हो. नुसती बसलेय."

दार मिटलं. मास्तर लोकांच्या छत्र्या, पिशव्या, कुत्री बघत राहिले. बायको दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिचे ओठ मधूनमधून हलत होते. इथवर पाण्याचा आवाज येणं शक्य नव्हतं, तरी ती मोजत होती. मास्तरांना ते पाहून फार वाईट वाटलं. अकरा वर्षं फाटकाशी ती अशीच उभी राहत असणार, आणि आपण तेव्हा कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वंगण घालत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

तोच ड्रायव्हर तासाभरानं परत आला. त्यानं दार उघडलं नाही, नुसता हात केला. साडेचार वाजले. चार पस्तीस झाले. पाच मिनिटं अशी सरली की मास्तरांना आपलं घड्याळ बंद पडलं की काय असं वाटून त्यांनी ते कानाला लावलं. आणि मग फोन वाजला. फोन मास्तरांच्या खिशात होता, पण बायकोनं तो त्यांच्याआधी बाहेर काढला.

"आई, मी. बाहेर आले."

"डोकं?"

"शाबूत आहे. सगळं शाबूत आहे. चौथी आले, आई. थोडक्यात गेलं."

"जाऊ दे गेलं तर. जेवलीस का?"

मासोळी हसली, ते मास्तरांनाही ऐकू आलं. बायकोचा जीव भांड्यात पडला तो त्यांना शेजारी बसून दिसला. तिचे खांदे खाली आले, हात सैल पडले, चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसू लागला. "घरी जातेय," ती फोनमध्ये म्हणाली. "जाऊन बघते. मग फोन करते तुला." बारा मिनिटांचा रस्ता त्या दिवशी तिनं नऊ मिनिटांत काढला. मास्तर मागून जवळजवळ पळत होते आणि मनातून इतके हलके झाले होते की त्यांना दम लागल्याचंही कळलं नाही.

घरात शिरून मास्तर आधी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. भिंतीवर पाच वाजून एक मिनिट झालं होतं. ते मागच्या खोलीत आले, पडदा चालू केला. रेकॉर्डिंग पूर्ण, असं लिहून आलं होतं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथेही पाच वाजून एक मिनिट झालं होतं.

या घरात दोन घड्याळांचं एकमत झालं की समजावं, कुठेतरी चुकलंय. मास्तरांनी मनगट पाहिलं. चार एकोणपन्नास. सहा वाजून सतरा, वाटीतलं घड्याळ, स्वयंपाकघरातून आलेला आवाज, सगळं एका दमात आठवलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तीन वाजता लावलं ते खऱ्या दोन अठ्ठेचाळीसला सुरू झालं होतं. चार चाळीसला थांबवलं ते चार अठ्ठावीसलाच थांबलं होतं. कार्यक्रम साडेचारपर्यंतचा. आणि सामने लांबतात.

बायकोनं खुर्ची ओढली, चष्मा पदरानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "लावा," ती म्हणाली.

सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं दिलेला शब्द त्या डिस्कवर होता, आणि शेवटची उडी आत आहे की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं. पुढे सरकवून बघायची सोय नव्हती, सरकवलं की मशीन हमखास गोठायचं. त्यांनी देवावर हवाला ठेवून लावलं.

पडद्यावर एक गृहस्थ आले आणि झाडाची कुंडी कशी बदलावी ते सांगू लागले.

"हे काय?"

"आधीचं आहे. थोडं जास्तीचं आलंय."

बायको पहिल्यापासून बघेन म्हणाली होती, त्यामुळे तिनं कुंडीसुद्धा मन लावून पाहिली. "मुळं फार छाटली त्यानं," ती म्हणाली. बारा मिनिटांनी कुंडी एकदाची बदलून झाली आणि निळं पाणी आलं. पाणी पाण्यासारखं दिसत होतं. स्क्रूताईंचं म्हणणं खरं होतं.

बारा मुली होत्या. प्रत्येकीच्या पाच उड्या, आणि मासोळीचा नंबर नववा. ती पहिल्यांदा फळीवर आली तेव्हा बायकोनं मास्तरांचं मनगट घड्याळासकट घट्ट धरलं. लेक सुखरूप आहे, थोड्या वेळापूर्वी हसली आहे, हे माहीत असूनही धरलं. मासोळी उडाली, हवेत दोनदा फिरली, पाण्यात शिरली. "एक," बायको पुटपुटली. "दोन. तीन. चार." डोकं वर आलं. तिनं श्वास सोडला आणि पडद्याकडे बघत राहिली. दुसऱ्या उडीला तिनं मनगट धरलं, पण सैल. तिसऱ्या उडीला ती पुढे झुकली. चौथीच्या वेळी तिनं हात सोडला होता आणि तिच्या तोंडावर असं काही आलं होतं जे मास्तरांनी मासोळी पहिल्यांदा चालली तेव्हा पाहिलं होतं.

मास्तर मात्र खालच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होते. एक तास वीस. एक तास तेवीस. शेवटची फेरी सुरू झाली. निवेदक प्रत्येक मुलीची उडी तीन-तीनदा संथ करून दाखवत होता आणि मास्तर मनातल्या मनात त्याला जन्मात दिल्या नव्हत्या अशा शिव्या देत होते. सातवी. एक तास सदतीस. पंचांनी मध्येच काहीतरी कुजबुज काढली. आठवी. एक तास अडतीस.

"अगं," ते हलकेच म्हणाले, "माझ्याकडून एक चूक झालीय."

"नंतर सांगा. ती चढतेय."

मासोळी फळीच्या टोकाशी आली आणि वळली. पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. तीच उडी. बाराव्या वर्षीची. बायकोचा उजवा हात आपोआप स्वतःच्या कानामागे गेला. मासोळीनं हात वर केले. कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. एक तास एकोणचाळीस. मास्तरांनी डोळे मिटले, मग लाज वाटून उघडले.

ती उडाली, आत वळली, फळीच्या जवळून गेली, आणि पाण्यात नाहीशी झाली.

"एक. दोन. तीन. चार."

डोकं वर आलं. मासोळीनं तोंडावरचं पाणी झटकलं, उजवा हात कानामागे नेला, तिथे क्षणभर टेकवला, आणि पडदा काळा झाला. मशीन म्हणालं, समाप्त.

पंख्याची घरघर तेवढी चालू होती. "पुढचं नाही," मास्तर म्हणाले. "गुण राहिले. शेवटच्या तिघी राहिल्या. मशीनचं घड्याळ मी बारा मिनिटं पुढे लावलं होतं."

बायकोनं चष्मा काढला. ती रडत होती. "गुण काय करायचेत मला? डोकं वर आलं ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, मी अकरा वर्षं त्या भिंतीशी दहापर्यंत मोजत होते. पोरगी चारलाच वर येते हो. प्रत्येक वेळी. मी उगाच सहा जास्तीचे मोजत राहिले."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पदरानं डोळे पुसून झाल्यावर तिच्या काहीतरी ध्यानात आलं.

"बारा मिनिटं पुढे? पण सहा सतरा तर मीच सांगितले होते."

"वजा करायचं मी विसरलो."

"तुम्ही?" ती म्हणाली आणि हसायला लागली. इतकी हसली की मास्तरांनाही हसू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. मासोळीला धीर निघाला नव्हता.

"बघितलंस?"

"बघितलं. पाचही."

"खरंच? शप्पथ?" पोरीचा विश्वास बसत नव्हता. "काय बघितलंस, सांग."

"वर आलीस की कानामागे हात लावतेस. टाक्यांवर. पाचही वेळा लावलास."

मग मासोळी म्हणाली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "ते कुणालाच माहीत नाही, आई. माझ्या सरांनासुद्धा नाही."

"मला दिसलं."

"आणि शेवटचीला गुण किती दिले ते बघितलंस ना? माझे आजवरचे सगळ्यांत जास्त."

आईनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खाली पाहिलं. "ते नाही आलं बाई. डिस्क भरली," ती म्हणाली. "तू सांग किती ते." मासोळीनं सांगितले. आईनं सगळे आकडे ऐकून घेतले, एकही कळला नाही, तरी प्रत्येकाला "हो का?" म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी येते तुझ्याकडे. तुझ्या त्या नव्या तलावावर."

"फाटकापर्यंत?"

"आत. बाकावर बसेन."

"मग तुझ्यासाठी एक मारेन. साधी. गुडघ्याला झेपेल अशी."

"मार," आई म्हणाली. "मी चारपर्यंत मोजेन."